सत्कारमूर्तीने खुर्च्या आवरू नयेत

गेल्या जूनमध्ये आमच्या गावातल्या मुलांच्या बेसबॉल लीगचा हंगाम संपला. न्यू जर्सीत हे दरवर्षी असंच असतं. मार्चच्या थंडीत हात चोळत सुरुवात करायची, एप्रिलमध्ये निम्मे सामने पावसात वाहून जाऊ द्यायचे आणि शाळेला सुट्टी लागायच्या आत सगळं उरकायचं. शेवटच्या शनिवारी मैदानावरच छोटा समारंभ झाला. लीगच्या अध्यक्षांना अकरा वर्षांच्या सेवेबद्दल लाकडी पाटीवर बसवलेली पितळी पट्टी मिळाली. टाळ्या झाल्या, मुलांनी टोप्या उडवल्या, एकदोघांनी डोळेही पुसले. मग सगळे पिझ्झाकडे वळले. तासाभराने मुलाची विसरलेली पाण्याची बाटली शोधायला मी परत गेलो, तर मैदानावर सत्कारमूर्ती एकटेच. स्वतःच्या सत्कारासाठी मांडलेल्या घडीच्या खुर्च्या मिटून गाडीत भरत होते. पाटी मागच्या सीटवर पडली होती आणि तिच्यावर मैदानातून उपटलेले मातकट बेस, म्हणजे धावताना पाय टेकवायच्या चौकोनी गाद्या, रचले होते. मी चार खुर्च्या उचलल्या. "राहू दे रे, रोजचंच आहे," ते म्हणाले. बेसच्या कडेतून पट्टीवरचे शब्द डोकावत होते: निःस्वार्थ सेवा.

मराठी वाचकाला ही लीग म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. ही शाळेची टीम नव्हे आणि पैसे भरून लावलेला क्लासही नव्हे. गावातली चार-पाच वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंतची मुलं, बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं मैदान, आणि बाकी सारं आईबापांच्या अंगावर. लिटल लीग ही यातली सगळ्यांत मोठी संस्था ऐंशीहून अधिक देशांत पोचली आहे. पण गावातला कारभार बघणारे अध्यक्ष, खजिनदार, सुरक्षेचं बघणारा, गणवेश सांभाळणारा, वेळापत्रक लावणारी बाई, हे सगळे बिनपगारी. प्रत्येकाने दरवर्षी अर्ज भरायचा आणि आपली गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासून घ्यायची. फुकट काम करण्यासाठी आधी आपण चोर नाही हे सिद्ध करायचं, असं माझे वडील पुण्याहून फोनवर म्हणाले होते. लहान मुलांचा मामला असल्यामुळे हे योग्यच आहे, पण त्यांचं वाक्य मला अजून हसवतं.

या पदांमध्ये 'प्लेयर एजंट' नावाचा एक मासला आहे. कोणतं मूल कोणत्या टीममध्ये जाणार याची वाटणी सरळ होते की नाही हे त्याने बघायचं. त्याला स्वतःच्या गटात टीम चालवायला नियमानेच मनाई, कारण नाहीतर चांगले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तो आपल्याकडे ओढेल. नियम करणाऱ्याला बापाचं काळीज ठाऊक होतं म्हणायचं.

मी स्वतः केलेलं काम याहून किरकोळ. तीन हंगाम चेंडू मोजले. लिटल लीगमध्ये पूर्वी पिचरने किती डाव टाकले ते मोजत. २००७ पासून चेंडू मोजतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ चेंडूंच्या वर जायचं नाही, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. उद्देश कोवळ्या कोपराची आणि खांद्याची राखण. त्यासाठी कुणीतरी कुंपणाशी बसून प्रत्येक चेंडूला एक काडी मारावी लागते. सामना रंगात येतो तेव्हाच नेमकी ती काडी पंच्याऐंशीला भिडते. प्रशिक्षक येऊन हळू आवाजात विचारतो, "नक्की? मला तर ऐंशी वाटले." तेव्हा वही उघडून दाखवायची आणि नजर खाली घालायची नाही. या कामाला पट्टी मिळत नाही आणि मिळूही नये. पण माझ्या मते लीगमधला त्या दिवसाचा सगळ्यांत महत्त्वाचा माणूस अनेकदा तोच असतो, आणि त्याचं नाव विचाराल तर निम्म्या पालकांना सांगता येणार नाही.

आपल्याकडे अशा कामाला एक म्हण आहे: घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. ती कौतुकाने कुणी वापरत नाही. नवरा रात्री दहाला मंडळाच्या मीटिंगहून आला की बायको वापरते, किंवा मुलगी रविवारभर कुठल्याशा शिबिरात राबली की आई. मला मात्र ही म्हण सत्काराच्या भाषणापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात हिशोब आहे. पीठ घरचं, जळण घरचं, जेवणारे भलतेच. भाषणात 'निःस्वार्थ' हा शब्द आला की तो हिशोब पुसला जातो. वर्षाचे किती शनिवार गेले, स्वतःच्या मुलाचे किती सामने दुसऱ्या मैदानावर चालू असल्यामुळे बघता आले नाहीत, घरी किती वेळा भांडण झालं, हे सगळं एका गोड विशेषणाखाली झाकलं जातं. आणि टाळ्या वाजवणाऱ्याच्या हातात तवा येत नाही.

माझी तक्रार इथे आहे. सत्कार ही बहुतेकदा देणं फेडल्याची पावती असते. शाल-श्रीफळ असो की पितळी पट्टी, ती दिली की देणारे मोकळे आणि घेणारा अडकलेला. ज्याला आत्ताच 'लीगचा आधारस्तंभ' म्हटलं, तो पुढच्या महिन्यात राजीनामा कसा देणार? खांब काढला तर छप्पर पडेल असं आपणच माइकवरून सांगितलेलं असतं. गावच्या लीगसाठी राबणाऱ्या माणसाचा मान ठेवायचा असेल, तर त्याला पहिल्यांदा द्यायची वस्तू म्हणजे त्याच्या जागी उभा राहायला तयार असलेला दुसरा माणूस. पट्टी त्यानंतर.

या खेळाच्या इतिहासात याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांत मोठं खुद्द लिटल लीगच्या संस्थापकाचं. १९३८ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ आपल्या दोन भाच्यांशी अंगणात चेंडू खेळत होते. चेंडूमागे धावताना लायलॅक या फुलझाडाच्या छाटलेल्या खुंटांवर घोटा खरचटला, ते कळवळत शेजारच्या पायरीवर बसले. मोठी मुलं आपल्याला खेळायला घेत नाहीत, ही या पोरांची नेहमीची रड. त्यांच्यासाठी त्यांच्या मापाचं मैदान का असू नये, हा विचार त्या पायरीवर सुचला. मग स्टॉट्झ गल्लीतली मुलं जमवून वर्तमानपत्रांचे बेस मांडत आणि अंतरं बदलून बघत राहिले. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं. मुलांसाठी ६० फुटांवर गणित जमलं. आजही तेच आहे.

पुढचा भाग मला जास्त आवडतो, कारण तो वर्गणी मागणाऱ्याचा आहे. एका टीमच्या गणवेशासाठी ३० डॉलर हवे होते. स्टॉट्झ गावातल्या कंपन्यांची दारं वाजवत फिरले. ५६ ठिकाणी नकार मिळाला. सत्तावन्नावी लायकमिंग डेअरी, तिने हो म्हटलं. गणपतीच्या वर्गणीसाठी सोसायटीचे चार जिने चढून दमणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. नंतर लंडी लंबर ही लाकडाची वखार आणि जंबो प्रेट्झेल अशा दोन टीम झाल्या. ६ जून १९३९ला पहिला सामना झाला आणि लंडी लंबरने डेअरीला २३-८ असं धुतलं. पैसे पहिल्यांदा ज्यांनी दिले तेच हरले.

पण तो सत्तावन्नावा होकार मिळवणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं? लीग झपाट्याने पसरली. १९४७ मध्ये पहिली मोठी स्पर्धा झाली, एक बडी रबर कंपनी पाठीशी आली, पैसा आला, पगारी अध्यक्ष आला. स्टॉट्झना हे सारं गावांच्या आणि स्वयंसेवकांच्या हातात राहावं असं वाटत होतं. नव्या व्यवस्थेला शिस्तीची, ब्रँडची आणि एकाच मध्यवर्ती कारभाराची गरज वाटत होती. १९५५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. अखेर तडजोड झाली आणि स्टॉट्झ आपणच जन्माला घातलेल्या संस्थेतून बाहेर पडले. त्याच गावात त्यांनी 'ओरिजिनल लीग' या नावाने पूर्वीसारखीच छोटी लीग चालू ठेवली. १९९२ साली ते वारले. १९४७ची ती पहिली मोठी स्पर्धा ज्या मैदानावर झाली त्याला आज त्यांचं नाव आहे.

मी इथे संस्थेला सरसकट खलनायक ठरवणार नाही. पगारी यंत्रणा आली नसती तर ही कल्पना पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात राहिली असती, १९६४ साली अमेरिकी संसदेची सनद मिळाली नसती, आणि माझ्या मुलाच्या छातीवर ते बोधचिन्ह आलं नसतं. भांडण दोन चांगल्या गोष्टींमधलं होतं. पण त्या काळात स्टॉट्झना हवं होतं ते ऐकून घेणारं कुणीतरी, आणि बैठकीत एक खुर्ची. मैदानाला नाव देणं नंतरचं आणि सोपं. नाव दिलेला माणूस बैठकीत हात वर करत नाही.

दुसरी अडचण याहून अवघड आहे, आणि सत्काराच्या भाषणात तिचा उल्लेख कधीच होत नाही. फुकट काम केलं म्हणून काम चांगलंच होतं असं नाही. त्याच १९५५ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय मुलांची टीम स्पर्धेत उतरली. राज्यातल्या गोऱ्यांच्या ६१ लीगनी तिच्याशी खेळण्याऐवजी माघार घेतली. कुणीच समोर न आल्यामुळे ही मुलं राज्यविजेती ठरली, पण मैदानावर न जिंकलेल्या टीमला पुढे जाता येत नाही या नियमामुळे तिथेच थांबली. विल्यम्सपोर्टच्या अंतिम स्पर्धेला पाहुणे म्हणून त्यांना बोलावलं, ती मैदानावर सराव करत असताना प्रेक्षकांतून आरोळी उठली, "त्यांना खेळू द्या!" नाही खेळू दिलं. त्या ६१ लीग ज्यांनी चालवल्या तेही सुट्टीच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे, हॉट डॉग विकणारे, स्वयंसेवकच होते. त्यांच्यापैकी कित्येकांना गावाने पट्ट्याही दिल्या असतील. कॅनन स्ट्रीटच्या मुलांना राज्यविजेतेपदाचं निशाण मिळायला २००२ साल उजाडलं. बारा वर्षांची पोरं तोवर साठीला टेकली होती.

आमच्या राज्यातली गोष्टही फार वेगळी नाही. हडसनच्या काठावरचं होबोकेन हे बेसबॉलच्या इतिहासातलं मानाचं गाव. १८४६ साली तिथल्या एलिझियन फील्ड्सवर झालेल्या सामन्याचा दाखला इथे लोक अभिमानाने देतात. १९७२ साली तिथल्या लीगमध्ये मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली. लिटल लीगच्या मुख्यालयाने कळवलं की मुलगी ठेवाल तर मान्यता जाईल. गावाने तिला घरी पाठवलं. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेलं. संस्थेच्या वतीने मुलींची हाडं कमकुवत असतात अशी साक्ष झाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी कोर्टाने तो उचलून धरला. त्यावर न्यू जर्सीतल्या अनेक लीगनी काय करावं? मुलींना घेण्यापेक्षा हंगामच बंद ठेवू असं ठरवलं. म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकऱ्या भाजायच्या, पण पंगतीत कोण बसतं ते बघून तवा उतरवायचा. १९७४ मध्ये सनदेतला 'मुलगे' हा शब्द बदलून 'तरुण मंडळी' अशा अर्थाचा केला. मारिया तोवर वयात बसत नव्हती. २००४ साली विल्यम्सपोर्टच्या स्पर्धेत समारंभाचा पहिला चेंडू तिच्या हस्ते टाकला गेला.

म्हणून 'स्वयंसेवकांचा सन्मान करा' एवढं मोघम बोलणं मला पुरेसं वाटत नाही. कुणाचा, कोणत्या कामासाठी, हे विचारायला हवं. फुकट राबणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही, ही आपल्याकडची आणि इथली दोन्हीकडची सभ्यता आहे, आणि ती घातक आहे. "अहो, ते बिचारे एवढं करतात, त्यांच्याकडे पावत्या काय मागायच्या?" मुलांच्या खेळांच्या संस्थांमधून खजिनदाराने पैसे लांबवल्याच्या बातम्या अमेरिकेत नव्या नाहीत, आणि बहुतेक वेळा तो वर्षानुवर्षं सगळं एकट्याने सांभाळणारा, सगळ्यांचा लाडका माणूस असतो. चेकवर दोन सह्या लागतात असा नियम असला की त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट प्रामाणिक खजिनदाराला रात्री झोप लागते. हिशोब मागणं हा त्याच्यावरचा विश्वास मोजण्याचा नव्हे, त्याचं ओझं अर्धं करण्याचा प्रकार आहे.

खरा मान कसा दिसतो याचं उदाहरण द्यायचं तर मी समारंभाऐवजी कायद्याकडे बोट दाखवीन. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण जर्सीतल्या रनमीड गावात एका दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर उंच उडालेला चेंडू आदळला. एरवी तो दुसऱ्या जागी खेळायचा, त्या दिवशी आउटफील्डला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, उभा केला होता. पालकांनी स्वयंसेवक प्रशिक्षकांवर दावा लावला. अखेर २५,००० डॉलरवर तो मिटला. त्या मुलाला इजा झाली होती, पालकांचा संताप खोटा नव्हता. पण बातमी पसरली आणि राज्यभरातल्या बापांनी विचार केला की शनिवारी शिट्टी गळ्यात अडकवायची आणि घर गहाण पडायची पाळी यायची, सांगितलंय कुणी? १९८६ साली न्यू जर्सीने कायदा केला. स्वयंसेवक प्रशिक्षकाला साध्या निष्काळजीपणाच्या दाव्यापासून संरक्षण मिळेल, पण त्याने सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. त्यासाठी रटगर्स विद्यापीठाचा तीन तासांचा वर्ग आहे. मीही केला. उन्हाचा झटका कसा ओळखायचा, डोक्याला लागलं तर काय करायचं नाही, लहान मुलाला चेंडू झेलायला शिकवताना आधी मऊ चेंडू का वापरायचा. संध्याकाळ कंटाळवाणी होती आणि बाकडं शाळकरी मुलांच्या मापाचं होतं, पण त्या कायद्यात मला सत्कारापेक्षा जास्त आदर दिसतो. तुमच्या मागे आम्ही उभे आहोत असं तो म्हणतो, आणि त्याच दमात, शिकून या, असंही म्हणतो. १९९७ साली स्वयंसेवकांना संरक्षण देणारा कायदा देशपातळीवरही झाला.

अंपायरांच्या बाबतीत तर शाल-श्रीफळाचा काडीचा उपयोग नाही. बिचारा कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, मागे वाकून उभा, आणि कुंपणापलीकडून पस्तिशी-चाळिशीतले सुशिक्षित लोक त्याच्या डोळ्यांबद्दल, जन्माबद्दल मत व्यक्त करतात. २०२३ साली दक्षिण जर्सीतल्याच डेप्टफर्ड गावच्या लीगने यावर एक रामबाण काढला. अंपायरला शिव्या देणाऱ्या पालकाला मैदानावर बंदी. परत यायचं असेल तर तीन सामन्यांत स्वतः अंपायर म्हणून उभं राहायचं. जगभर बातमी झाली, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अंपायरचं आभारपत्र छापण्यापेक्षा त्याच्या जागेवरून चेंडू कसा दिसतो हे बघायला लावणं, एवढा नेमका सन्मान मी दुसरा पाहिला नाही. स्ट्राइक झोन, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाच्या विरुद्ध मोजला जातो तो पट्टा, ही हवेत काढलेली खिडकी आहे. प्रत्येक मुलाच्या उंचीप्रमाणे तिचं माप बदलतं. बाहेरच्या खुर्चीवरून ती खिडकी दिसतच नाही.

आमच्या लीगने मात्र वेगळी वाट धरली, आणि ती मला पटत नाही. नोंदणीच्या वेळी दीडशे डॉलरचा चेक घेतात. हंगामात स्नॅक स्टँडवर किंवा मैदानावर दोन पाळ्या केल्या की चेक फाडून टाकतात. नाही केल्या तर वटवतात. पहिल्या वर्षी हिशोब बरा दिसला. पुढच्या वर्षी लोक नोंदणी करतानाच सांगू लागले, "चेक वटवा, आम्हाला वेळ नाही." इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर तिथे उशीर करणारे कमी होण्याऐवजी वाढले. दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीवर आले नाहीत. आधी पालकांना ओशाळं वाटायचं. दंडाने त्या ओशाळेपणाची किंमत ठरवून दिली आणि ती परवडणारी निघाली. दीडशे डॉलरने आमच्याकडे तेच केलं. पैसे तिजोरीत आले, पण रेघा मारायला दोन हात कमी झाले, आणि ते काम पुन्हा त्या अकरा वर्षंवाल्या गृहस्थांकडे गेलं.

आता आपल्या माणसांबद्दल, कारण चेक वटवा म्हणणाऱ्यांत आपणही असतो. मराठी माणूस फुकट काम करत नाही असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेत उभं आहे ते कुणाच्या जोरावर? रविवारी सकाळी मराठी शाळेत बाराखडी शिकवणाऱ्या ताया, गणपतीत पहाटे उठून दोनशे माणसांचा मसालेभात रांधणारे काका, नाटकाचा सेट ट्रकमधून उतरवणारे इंजिनियर. पण हेच लोक बेसबॉलच्या मैदानावर घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन येतात, मुलगा बाद झाला की हळहळतात, आणि सामना संपला की निघतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. कारण विचाराल तर सांगायचो, आपल्याला हा खेळ कुठे येतो? खरं कारण थोडं आणखी आत होतं. ते काम 'त्यांचं' आहे आणि आपण पाहुणे आहोत असं वाटायचं. मुलं मात्र पाहुणी नव्हती. ती त्याच मातीत घसरत होती.

माझी सुटका स्कोअरबुकाने केली. शाळेत असताना क्रिकेटचं स्कोअरबुक भरायचो, ती सवय कामी आली. इथे प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा. खेळाडू स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला की इंग्रजी 'के' लिहायचा, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर तो 'के' उलटा. ही पद्धत घडवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटचा वार्ताहर होता, हे कळल्यावर मला उगाच आपलेपणा वाटला. एका शनिवारी स्कोअरर आला नाही, मी वही ओढून घेतली, आणि तेव्हापासून त्या कुंपणाशी माझी जागा ठरली.

कुणी म्हणेल, एवढं कशाला ताणायचं? माणसाला दोन गोड शब्द आणि एक पट्टी मिळाली तर बिघडलं काय? काही बिघडत नाही. आमच्या अध्यक्षांच्या पत्नीने ती पाटी दिवाणखान्यात लावली आहे आणि ती तिथे शोभते. त्या माणसाला आनंद झाला, तो खरा होता. माझा आक्षेप त्या आनंदावर नाही, नंतरच्या रिकाम्या मैदानावर आहे. गेली काही वर्षं चांगली खेळणारी मुलं गावची लीग सोडून हजारो डॉलर घेणाऱ्या खाजगी टीमकडे जात आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचे आईबापही जातात, आणि तेच बहुधा खेळ जाणणारे असतात. उरलेल्या ओझ्याला खांदे कमी. अशा वेळी एकाच माणसाला अकरा वर्षं अध्यक्ष ठेवणं ही त्याची थोरवी जेवढी, तेवढीच बाकीच्यांची लाज आहे. पदाला तीन वर्षांची मुदत असावी, शेवटच्या वर्षी पुढचा माणूस बरोबर फिरावा, किल्ल्या कुठे असतात आणि पालिकेत कुणाला फोन करायचा हे एका वहीत लिहिलेलं असावं. आज आमच्या लीगमध्ये स्टोअररूमच्या कुलपाचा नंबर एकाच डोक्यात आहे.

जानेवारीत वाचनालयात लीगची वार्षिक सभा झाली. मुलं साडेतीनशेच्या वर, सभेला माणसं नऊ, आणि त्यातली सात आधीच्याच कार्यकारिणीतली. अध्यक्षांनी सांगितलं, हे माझं शेवटचं वर्ष, आणि सगळे जमिनीकडे बघू लागले. मी गणवेशांचं काम घेतलं. चौदा खोकी, त्यात गेल्या तीन हंगामांच्या न जुळणाऱ्या पँटी आणि एक मेलेला उंदीर. खोकी गॅरेजमध्ये आहेत, त्यामुळे गाडी बाहेर बर्फात उभी असते. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना बायको लष्कराच्या भाकऱ्यांची आठवण करून देते. परवा मात्र ती पँटी मापाप्रमाणे लावत बसली होती.